मूस संग्रहालयाला गाव जोडायला हवे

मुंबईहून भुसावळकडे जाताना चाळीसगाव जंक्शन लागते आणि धुळ्याचा लोहमार्ग इथूनच फुटतो. या स्थानकाजवळच्या बंगल्यात कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजे खान्देशाला ‘कलामहर्षी’ म्हणून माहीत असलेले केकी मूस, जवळजवळ अर्धशतक राहिले. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडमध्ये शिकून १९३०च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावी आला आणि १९८९ साली निधन होईपर्यंत त्याने घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला. त्याच्यामागे विश्वस्त संस्थेने त्याच घराचे संग्रहालय केले. छायाचित्रे, रंगचित्रे, शिल्पे, लाकडातले काम, कागदाच्या घड्यांतून घडवलेल्या आकृती आणि त्याने जमवलेल्या जुन्या वस्तू तिथे आहेत. तालुक्याच्या गावी एवढा ऐवज तीन दशकांहून अधिक काळ राखणे सोपे नव्हते आणि ज्यांनी तो राखला त्यांचे खान्देशावर ऋण आहे. पण राखण्याचा पहिला टप्पा आता संपला आहे. ज्यांनी मूस यांना पाहिले ती पिढी वयोवृद्ध झाली. यापुढे हे घर केवळ एका माणसाचे स्मारक राहिले, तर त्या माणसाची आठवण असणाऱ्यांबरोबरच त्याचा आधारही ओसरेल. ते खान्देशाचे कलासंग्रहालय म्हणून वाढले तर टिकेल. ही वाढ आधी माणसांची हवी, इमारतीचे नंतर पाहता येईल. चाळीसगाव आणि आसपासच्या लोकांना या संग्रहात काम, शिक्षण आणि निर्णयातला वाटा मिळाला पाहिजे.

मूस म्हटले की बहुतेकांना आधी एक गोष्ट आठवते. पंजाब मेलने येणार असलेल्या प्रेयसीची जन्मभर वाट पाहणाऱ्या, तिच्यासाठी रोज दार उघडे ठेवणाऱ्या कलावंताची ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती हृदयाला भिडते, वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा छापून येते आणि तिच्यामुळे लोक चाळीसगावला उतरतात. तिने संग्रहालयाला नाव दिले हे खरे. मात्र तिनेच मूस यांच्या कामावर पडदाही टाकला आहे. पाहुणा गोष्ट घेऊन येतो आणि गोष्टच घेऊन परत जातो. मूस यांचे ज्या प्रकारात विशेष नाव झाले ते टेबलटॉप छायाचित्रण म्हणजे काय, हे त्याला क्वचितच कळते. टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करायची, प्रकाश असा सोडायचा की पाहणाऱ्याला ते खरेखुरे विस्तीर्ण दृश्य वाटावे आणि मग कॅमेऱ्याचा खटका दाबायचा. संगणकावर चित्र फिरवण्याची सोय नव्हती त्या काळात प्रमाणाचे, सावलीचे आणि खोलीचे इतके नेमके भान चार भिंतींच्या आत कमावणे ही असामान्य साधना होती. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने टेबलावर जग उभे केले, यात प्रेमकथेइतकेच, किंबहुना जास्त, थक्क करणारे काही आहे. संग्रहालयाने आख्यायिका पुसण्याची गरज नाही, पण तिला दुसऱ्या दालनात बसवावे. पहिल्या दालनात काम दिसले पाहिजे: हा फोटो कसा घेतला, दिवा कुठे ठेवला असेल, हा डोंगर खरा की मुठीएवढा?

अशा संग्रहालयाला चाळीसगावसारखी जागा शोधूनही मिळणार नाही. या तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला. त्यावर तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे आणि तो सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. भारतात माणसाने मुद्दाम काढलेल्या नक्षीचा हा अगदी प्राचीन पुरावा आहे. जवळच गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या यक्षमूर्तीच्या तळहातावर कण्हदास नावाच्या सोनाराने ती आपण घडवल्याचे कोरून ठेवले आहे. प्राचीन भारतीय शिल्पात कारागिराचे नाव इतक्या ठळकपणे फार थोड्या ठिकाणी सापडते. ही मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अजिंठ्याला जायचे तर जळगाव हेच सोयीचे स्थानक. आणि शंभरी पाहिलेले शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा घडवणारा हा माणूस १९५०च्या दशकात अजिंठा-वेरूळच्या जतनकामातही होता. सुतार गोंदूर सोडून मुंबईला आणि पुढे दिल्लीला गेले, कारण शिल्पकाराला इथे शिक्षणही नव्हते आणि काम देणारेही नव्हते. मूस उलट वाटेने मुंबई आणि इंग्लंड मागे टाकून इथे आले. खान्देशातून कलावंत बाहेर जातात हे आपण गृहीत धरले आहे. एक कलावंत इथे येऊन राहिला आणि त्याचे सगळे काम इथेच आहे, या दुर्मीळ योगाचे आपण काय करणार?

सुरुवात यादीपासून करावी लागेल. ऐकायला ती नीरस वाटते, पण संग्रहालयाचे सगळे भवितव्य तिच्यावर अवलंबून असते. प्रत्येक छायाचित्राला, प्रत्येक निगेटिव्हला, प्रत्येक शिल्पाला क्रमांक हवा. आकार, माध्यम, अंदाजे साल, अवस्था आणि ठेवण्याची जागा यांची नोंद हवी. ही नोंद नसेल तर काय हरवले हेदेखील कळत नाही, विमा उतरवता येत नाही, दुसऱ्या संग्रहालयाला प्रदर्शनासाठी वस्तू उसनी देता येत नाही आणि अभ्यासकाला काम करता येत नाही. छायाचित्रांच्या बाबतीत घाई जास्त आहे. जळगाव-भुसावळचा पट्टा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या घरात जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. या दोन टोकांमध्ये जिलेटिनचा थर असलेले प्रिंट फुगतात, आकसतात, त्यांना बुरशी लागते. जुनी अॅसिटेट फिल्म सडू लागली की तिला आंबूस वास येतो आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. २०२१च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरात पाणी शिरले होते, हेही विसरता येत नाही. अशा गावातल्या संग्रहालयाला पुराच्या रात्री कोणती पेटी आधी उचलायची, कुठे न्यायची आणि किल्ली कोणाकडे, हे कागदावर लिहून ठेवावेच लागते. यातले काहीही अवाढव्य खर्चाचे नाही. आम्लविरहित कागदाची पाकिटे, लोखंडी कपाटे, तापमान आणि आर्द्रता मोजणारी साधने, एक चांगला स्कॅनर आणि प्रशिक्षण घेतलेली दोन-तीन माणसे एवढ्यावर सुरुवात होते. ही माणसे चाळीसगावचीच असावीत. पदवी घेऊन पुण्या-नाशिकची वाट धरणाऱ्या मुलामुलींपैकी काहींना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या ठिकाणी जतनकामाचे शिक्षण घेण्यासाठी पाठवावे आणि परत आल्यावर पगार द्यावा. गावाला संग्रहालयाशी जोडणे म्हणजे आधी गावातल्या काहींची रोजी-रोटी त्याच्याशी जोडणे.

दुसरे काम शाळांचे. महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, हजारो खेड्यांतली मुले देतात. या परीक्षेचे गुण दहावीच्या निकालात भर घालतात म्हणून पालकही उत्साही असतात. वस्तुचित्र हा त्यातला एक विषय. समोर मांडलेल्या तांब्या-वाटी-फळांवरचा उजेड आणि सावली पाहून चित्र काढायचे असते. मूस यांनी जन्मभर टेबलावर हेच केले, फक्त कॅमेऱ्याने. तरीही परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांनी मूळ चित्र किंवा हाताने धुतलेला छायाचित्राचा प्रिंट कधी पाहिलेला नसतो. ती छापील नमुन्यांवरून नक्कल करतात. चाळीसगाव, पाचोरा, भडगाव, पारोळा आणि धुळे या तालुक्यांतल्या कलाशिक्षकांबरोबर बसून संग्रहालयाने वस्तुचित्राचा एक दिवसाचा पाठ तयार करावा. मुलांनी टेबलावर स्वतः मांडणी करावी, एका दिव्याने उजेड टाकावा, मोबाइलने फोटो घ्यावा, मग तेच दृश्य पेन्सिलीने काढावे आणि शेवटी मूस यांचा मूळ प्रिंट पाहावा. असा पाठ घेतलेले मूल या घरात पुन्हा येईल आणि येताना आईला घेऊन येईल. जी गावे एसटीच्या दोन फेऱ्यांवर जगतात त्यांच्यापर्यंत संग्रहालयाने स्वतः जावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये फिरते संग्रहालय चालवले आहे. खान्देशासाठी तेवढी मोठी बस नको. चांगल्या प्रतींचा एक संच, चौकटी आणि एक जाणकार माणूस मावेल एवढी गाडी पुरे. बोलण्याची भाषा मात्र अहिराणी असावी. तांड्यावर गेल्यास बंजारा भाषा बोलणारा सोबत हवा. ज्या मुलाला घरची भाषा शाळेत लपवावी लागते, त्याच्याशी कलेबद्दल त्याच भाषेत कोणी बोलले तर त्याचा परिणाम कुठल्याही फलकापेक्षा खोल होतो.

तिसरे काम अधिक धाडसाचे आहे आणि माझ्या मते संग्रहालयाचे खरे भविष्य त्यात आहे. छायाचित्रकाराच्या घराने गावाची छायाचित्रे जमवावीत. खान्देशातल्या घराघरांत पत्र्याच्या पेट्यांत, देवघराच्या फडताळात, लग्नाच्या अल्बमात जुने फोटो कुजत पडले आहेत. कापसाच्या गाड्यांचे, गिरणी कामगारांचे, कानबाईच्या मिरवणुकीचे, गुलाबाई बसवून तिच्याभोवती गाणी म्हणणाऱ्या मुलींचे, शाळेच्या पहिल्या तुकडीचे. जुने फोटो स्टुडिओ एकामागून एक बंद होताहेत आणि त्यांच्या निगेटिव्ह भंगारात जाताहेत. काठमांडूत २०११ पासून नेपाळ पिक्चर लायब्ररी हा उपक्रम सामान्य कुटुंबांची छायाचित्रे स्कॅन करून जपतो आहे. मूळ फोटो घरी परत जातो, प्रत संग्रहात राहते आणि त्यासोबत त्या कुटुंबाने सांगितलेली माहितीही. एका देशाचा लिखित इतिहासात न सापडणारा भाग त्यातून उभा राहिला. चाळीसगावातही महिन्यातून एक रविवार ठेवता येईल. लोकांनी फोटो आणावेत, संस्थेने तिथल्या तिथे स्कॅन करावेत, कोणाचा, कुठला, केव्हाचा हे लिहून घ्यावे आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये. मूस यांचे काम आणि गावाचे फोटो एकाच छपराखाली आले, तर ज्या बाईचा आजीसोबतचा एकमेव फोटो इथे सुरक्षित आहे, ती संग्रहालयाला परके मानणार नाही. संग्रहालयावर संकट आले तर सगळ्यात आधी तीच उभी राहील.

या सगळ्याला आक्षेप येणार आणि ते पोकळ नाहीत. सर्वांत हळवा आक्षेप असा, की ज्याने जगाकडे पाठ फिरवली त्याच्या घरात शाळेच्या सहली, स्कॅनर आणि रविवारची गर्दी आणणे हा त्याच्या इच्छेचा अनादर आहे. मूस यांच्या एकांताचा मान राखलाच पाहिजे. त्यांच्या राहत्या खोल्या होत्या तशा ठेवाव्यात आणि एका वेळी तिथे मोजकीच माणसे सोडावीत. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मूस यांनी स्वतःला घरात कोंडले, चित्रांना कोंडले नाही. त्यांची छायाचित्रे देशोदेशीच्या प्रदर्शनांत गेली आणि पारितोषिके घेऊन परतली. चाळीसगावातून पोस्टाने चित्र पाठवायचे, अनोळखी परीक्षकांसमोर ठेवायचे, हे ज्याला प्रेक्षकच नको त्याचे वागणे नव्हे. माणूस घरात राहिला आणि चित्र बाहेर गेले, ही मूस यांची स्वतःचीच रीत होती. संग्रहालयाने ती पुढे चालवावी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: एवढा मोलाचा ठेवा तालुक्याच्या गावी सुरक्षित कसा राहील? तो मुंबईला किंवा दिल्लीला का नेऊ नये? याचे उत्तर खान्देशाजवळच्या इतिहासातच आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगवल्या. त्या सुरक्षिततेसाठी आणि प्रदर्शनासाठी लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीने नेल्या. गिल भुसावळला पुरले गेले, त्यांच्या प्रतिकृती लंडनला राख झाल्या आणि मूळ चित्रे अजिंठ्याच्या कड्यात अजून आहेत. यावरून मोठे शहर वाईट आणि खेडे चांगले असा निष्कर्ष काढायचा नाही. मोठ्या नावाची संस्था म्हणजे सुरक्षितता नव्हे, एवढेच त्यातून निघते. एकाच ठिकाणी सगळे ठेवणे धोक्याचे असते, म्हणून प्रत्येक वस्तूची चांगली डिजिटल प्रत काढून ती दोन वेगळ्या शहरांत ठेवावी. नाजूक निगेटिव्हसाठी एखाद्या मोठ्या संस्थेच्या थंड साठवणघरात जागा मागावी. मालकी आणि नोंदवही मात्र चाळीसगावात राहावी. कण्हदासाचा यक्ष दिल्लीला सुखरूप आहे, पण चाळीसगावच्या किती मुलांना त्याचे नाव माहीत आहे? वस्तू वाचली आणि नाते तुटले, तर ते अर्धेच जतन झाले.

पैशांचा प्रश्न उरतो आणि सगळ्या आक्षेपांत तोच कठीण आहे. महाराष्ट्रात गावोगावच्या वाचनालयांना १९६७च्या कायद्यामुळे वर्गवारीनुसार अनुदान मिळते. ते अपुरे आहे, अनियमित आहे, तरी त्यातूनच हजारो वाचनालये तग धरून आहेत. छोट्या संग्रहालयांसाठी असा आधार उभा राहिलेला नाही. केंद्राची संग्रहालय अनुदान योजना आहे, पण तिचे अर्ज भरायला तज्ज्ञ लागतो आणि तज्ज्ञाला द्यायला पैसे नसतात. संग्रह सरकारकडे सोपवावा असे सुचवणारे डॉ. दिनकर केळकरांचे उदाहरण देतील. त्यांनी पुण्यातला आपला अफाट संग्रह १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन केला. कोल्हापूरला चंद्रकांत मांडरे यांनी आपले घर आणि चित्रे शासनाला दिली. या दोन्ही संग्रहांना त्यामुळे कायमचे छप्पर मिळाले, हे मान्य. पण सगळे शासनाच्या हाती गेले की साधी खिडकी बदलायलाही फाइल मुंबईला जाते आणि गावाला ते घर आपले वाटेनासे होते. म्हणून मला मधला मार्ग योग्य वाटतो. जिल्हा नियोजन समितीने इमारतीची दुरुस्ती, वीज, अग्निशमन आणि साठवण यांचा खर्च उचलावा. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृतीच्या जतनाला सामाजिक दायित्वाचा खर्च म्हणून स्पष्ट मान्यता आहे. डाळ, ठिबक, केळी आणि सोन्याच्या व्यापारावर उभ्या असलेल्या जळगावातल्या उद्योगांना तो खर्च परका नाही. जैन हिल्सवर २०१२ साली गांधीतीर्थ उभे राहिले ते अशाच इच्छाशक्तीतून. मात्र देणगीदाराने खोलीला नाव देण्याऐवजी नोंदणीकाराचा पाच वर्षांचा पगार द्यावा. पाटी बसवून वस्तू वाचत नाहीत.

पाणी, कापसाचा भाव, बेरोजगारी असे प्रश्न असताना कलेवर खर्च कशाला, असेही विचारले जाईल. ज्या खान्देशाने अमळनेरला प्रताप शेठजींच्या दातृत्वावर तत्त्वज्ञान मंदिर उभे केले आणि २०२४ साली त्याच गावात साहित्य संमेलन भरवले, त्याला कलेची भूक नाही असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दुष्काळ तेव्हाही पडत होते. शिवाय इथे मागितलेली रक्कम रस्त्याच्या काही किलोमीटरांच्या डांबरीकरणाएवढी आहे आणि तिच्यातून गावातल्याच मुलांना कामे मिळणार आहेत.

शेवटी प्रश्न कारभाराचा. गाव जोडायचे तर गावाला टेबलाशी बसवावे लागेल. विश्वस्त मंडळाला सल्ला देणाऱ्या समितीत माध्यमिक शाळेचा एक कलाशिक्षक, तालुक्यातला व्यवसायाने छायाचित्रकार असलेला एक जण, बंजारा तांड्यावरची भरतकाम जाणणारी एक स्त्री आणि पंचविशीच्या आतले दोघे असावेत. समितीच्या बैठकीची नोंद सर्वांना पाहता यावी. वर्षाचा हिशेब किती लोक आले यावर संपू नये. किती वस्तूंची नोंद पूर्ण झाली, किती शाळा दुसऱ्यांदा आल्या, किती घरांनी फोटो दिले, किती स्थानिकांना पगार मिळाला, हे छापावे. शेजाऱ्यांशीही हातमिळवणी करावी. इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६च्या अखेरीस धुळ्याला निधन झाले आणि त्यांच्या पाठोपाठ तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याला शंभर वर्षे होत आहेत. जळगावात चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाईंची अवजारे-भांडी जपली आहेत. या तिघांनी मिळून एक सामाईक नोंदणीकार, एक सामाईक जतनतज्ज्ञ आणि फिरत्या प्रदर्शनाची एक गाडी एवढ्यापासून सुरुवात केली, तर एकट्या संस्थेला न परवडणारे खर्च तिघांत वाटले जातील. जिल्हे दोन असल्यामुळे दोन पालकमंत्री आणि दोन नियोजन समित्या लागतील. दोन्ही समित्यांचे पुढच्या वर्षाचे आराखडे मंजुरीला जाण्याआधी तिन्ही संस्थांनी एकच संयुक्त प्रस्ताव त्यांच्यापुढे ठेवावा.